जुन्या पेट्रोल गाडीचे प्लग आणि कॉइल घरच्या घरी बदलताना

चढावर गाडी गचके देते, सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरतं, पिकअप गेलेला असतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं जातं, दोन मिनिटं आवाज ऐकला जातो आणि निकाल लागतो: ‘मिसिंग आहे साहेब, चारही कॉइल टाकाव्या लागतील.’ मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट न पडणं. ठिणगी पाडतो तो प्लग, आणि त्यासाठी उच्च व्होल्टेज पुरवते ती कॉइल. बऱ्याचदा त्या चारांतली एकच गेलेली असते. कधी नुसते प्लग संपलेले असतात. कधी दोन्ही धडधाकट असतात आणि आदल्या दिवशीच्या वॉशिंगचं पाणी आत साचलेलं असतं.

माझ्या २०११च्या पेट्रोल स्विफ्टचं हे काम मी घराच्या पार्किंगमध्ये करतो. दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी वापरणाऱ्या कुणालाही ते जमण्यासारखं आहे. अट एवढीच की नक्की काय बिघडलंय ते आधी शोधायचं, मग पैसे खर्च करायचे, आणि प्लगच्या आट्यांशी अजिबात जबरदस्ती करायची नाही. खालचे टप्पे प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाड्यांसाठी आहेत. मारुतीची के-सीरीजची इंजिनं (स्विफ्ट, रिट्झ, वॅगन-आर, अल्टो के-१०) याच प्रकारची. एचटी वायरवाल्या (एका कॉइलमधून जाड वायरींनी सगळ्या प्लगना वीज पोचवणाऱ्या) गाड्यांसाठी लागणारा फरक शेवटाकडे दिला आहे.

१. आधी आपल्या गाडीत काय आहे ते पाहा

बॉनेट उघडा, इंजिनावर प्लास्टिकचं कव्हर असेल तर काढा. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) माथ्यावर एका रांगेत काळ्या कॉइल दिसतील. प्रत्येकीला एक वायरचा कनेक्टर आणि एक बोल्ट असतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात तीन, चारच्या इंजिनात चार. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा नेमका या कॉइलवर बसवलेला असतो, तो आधी उतरवावा लागतो.

एक अपवाद आधीच सांगतो. २००३ साली आलेल्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरना आठ प्लग आणि आठ कॉइल आहेत. निम्मे प्लग मागच्या बाजूला, काचेकडे असतात आणि तिथे हात पोचणं अवघड जातं. पुढचे चार बदलून ‘प्लग नवे टाकले’ म्हणून गाडी परत मिळाल्याचे प्रकार होतात. ही गाडी तुमच्याकडे असेल तर खरेदी आठ प्लगची करा आणि जुने आठ मोजून घ्या.

२. दोष कुणाचा ते ठरवा

हा टप्पा गाळून थेट स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊ नका.

इंजिनाचा दिवा लागला असेल तर ओबीडी स्कॅनर (गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावा. ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर लावून मोबाइलवर कोड वाचता येतात. पी०३०० म्हणजे मिसफायर (मिसिंग) होतोय, पण एका ठरावीक सिलिंडरमध्ये नाही. पी०३०१ ते पी०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर सांगतो. पी०३५१ ते पी०३५४ हे कोड कॉइलच्या विद्युत मंडलाचे आहेत, तिथेही शेवटचा आकडा कॉइलचा नंबर. सिलिंडर नंबर १ साधारणपणे फॅनबेल्टच्या बाजूचा असतो, तरी मॅन्युअलमध्ये खात्री करा.

समजा पी०३०२ आला. आता दोन नंबरची कॉइल काढून चार नंबरवर लावा आणि चारची दोनवर. कोड पुसा, गाडी थोडी चालवा, पुन्हा वाचा. पी०३०४ आला तर दोष कॉइलबरोबर चालत गेला, म्हणजे ती कॉइल खराब. कोड पी०३०२च राहिला तर कॉइल निर्दोष आहे. मग तीच अदलाबदल प्लगची करा. प्लग बदलूनही दोष दोन नंबरवरच बसून राहिला तर इंजेक्टर, त्या कॉइलची वायर किंवा कॉम्प्रेशन तपासायला हवं. कॉइलवर एक रुपयाही खर्च करू नका.

या अदलाबदलीच्या चाचणीला फक्त एक पाना लागतो, आणि तिच्यामुळे तीन कॉइलचे पैसे वाचू शकतात. मी हिच्याबद्दल भेटेल त्याला सांगतो.

मल्टिमीटरने कॉइल तपासायची असेल तर कनेक्टरच्या पिना मोजा. दोन पिनांच्या कॉइलची प्रायमरी (आतलं पहिलं वेटोळं) ओहममध्ये मोजता येते आणि चारही कॉइलची मापं एकमेकांशी ताडून पाहता येतात. तीन किंवा जास्त पिना असतील तर आत इग्नायटरचं सर्किट असतं, तिथे मीटरच्या आकड्यावरून काही ठरवू नका. शिवाय मंद कॉइल बऱ्याचदा गार असताना नीट चालते आणि इंजिन तापल्यावर दगा देते. म्हणून अदलाबदलीनंतर गाडी पूर्ण गरम होऊ द्या.

सीएनजीवाल्यांसाठी खास गोष्ट. सीएनजीचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे प्लग किंवा कॉइल थकली की मिसिंग आधी सीएनजीवर दिसतं, पेट्रोलवर गाडी मऊ चालत राहते. अशा वेळी किट, रेग्युलेटर, ट्यूनिंग यांच्या मागे लागण्याआधी प्लग काढून पाहा.

आणि दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. कन्व्हर्टरची किंमत चारही कॉइलपेक्षा कितीतरी जास्त आहे.

३. प्लग आणि कॉइल विकत घेताना

प्लगचा नंबर मॅन्युअलमध्ये पाहा. जुन्या प्लगवरचा नंबर उतरवून नेऊ नका, कारण आधीच्या फिटरने हाताला लागेल तो प्लग बसवलेला असू शकतो. नंबरातली दोन मापं कळली तर दुकानात फसायला होत नाही.

पहिलं म्हणजे हीट रेंज, म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते; लवकर टाकणारा ‘थंड’, सावकाश टाकणारा ‘गरम’. एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होतो. बॉशमध्ये उलट, आकडा वाढला की प्लग ‘गरम’. म्हणून ‘हा सहा, तोही सहा, एकच आहे’ असं दुकानदार म्हणाला तरी कंपनी बदलताना आकड्यावर जाऊ नका, कंपनीच्या तक्त्यात तुमच्या गाडीसमोर जो नंबर असेल तोच घ्या. दुसरं म्हणजे गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती दोन इलेक्ट्रोडमधली फट. एनजीकेच्या नंबरात शेवटी ११ असेल तर गॅप १.१ मिलिमीटर, १० असेल तर १.० मिलिमीटर.

साधे निकेलचे प्लग स्वस्त असतात आणि ढोबळमानाने ३०-४० हजार किलोमीटरला बदलायला येतात. इरिडियमचे महाग, पण ८० हजार ते एक लाखापर्यंत जाऊ शकतात. कंपनीने निकेल दिलं असेल तर निकेलच पुरतं. इरिडियमने मायलेज झटकन वाढेल ही आशा ठेवू नका, त्याचा खरा फायदा म्हणजे वारंवार बॉनेट उघडावं लागत नाही. प्लग मात्र नेहमी पूर्ण सेट बदला. ते सगळे सारखेच झिजलेले असतात.

कॉइलचं तसं नाही. गेलेली एकच बदलली तरी चालतं. गाडी लाख किलोमीटरच्या पुढे गेली असेल आणि वर्षभरात दुसरी कॉइल जात असेल, तेव्हा उरलेल्या बदलण्याचा विचार करा.

बाजारात डुप्लिकेट प्लग खूप आहेत. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड अशा ठिकाणी चांगली दुकानंही आहेत आणि लोकल मालही. कंपनीच्या अधिकृत स्पेअर पार्टच्या काउंटरवरून घ्या, पक्कं बिल मागा. प्लग हातात घेऊन पाहा: चिनी मातीवरची छपाई ठळक हवी, मधला इलेक्ट्रोड बरोबर मध्यभागी हवा, आटे गुळगुळीत हवेत आणि वॉशर सैल निघून येता कामा नये. कॉइल घेताना जुनी सोबत न्या. पिनांची संख्या, बोल्टचं भोक आणि लांबी ताडून घ्या.

४. सामानाची यादी

- १० मिलिमीटरचा सॉकेट आणि रॅचेट (कॉइलच्या बोल्टला बहुधा हाच लागतो)
- प्लगचा सॉकेट, आत रबर किंवा चुंबक असलेला. १६ मिलिमीटर सर्वाधिक चालतो, काही गाड्यांना १४ किंवा २१ लागतो. नवा प्लग सॉकेटमध्ये बसवून दुकानातच खात्री करा
- सहा ते दहा इंचांचं एक्स्टेंशन
- टॉर्क रेंच (कुणाकडून मागून आणता आला तर उत्तम)
- तारेचा गॅप गेज
- सायकलचा किंवा टायरचा पंप, डोळ्यांना चश्मा
- डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीस, छोटी पुडी पुरते
- पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा, प्लगच्या टोकावर घट्ट बसेल असा
- स्वच्छ फडकी, मास्किंग टेप, पेन

५. इंजिन पूर्ण गार होऊ द्या

रात्री उभी केलेली गाडी सकाळी उघडायची, ही सर्वात चांगली वेळ. प्लग ज्यात बसतो तो इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं असतं आणि प्लग पोलादाचा. गरम असताना प्लग फिरवला तर ॲल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर ओरबाडून येतात. आटे गेले की हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवावी लागते, आणि नीट जमलं नाही तर हेड उतरवण्यापर्यंत गोष्ट जाते. तुम्हाला घाई असली तरी इंजिनाला गार व्हायला वेळ लागणारच.

किल्ली काढून घ्या आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. जुन्या म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

६. कॉइल काढणं

कनेक्टरच्या खाचेत एक छोटी जीभ असते. ती दाबून कनेक्टरच्या अंगाला धरून ओढा, वायरला धरून कधीही नाही. उष्णतेने हे प्लास्टिक इतकं ठिसूळ झालेलं असतं की स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर जीभ तुटते, आणि मग खड्ड्यात गाडी आदळली की कनेक्टर सैल होतो. जीभ दाबली जात नसेल तर आधी कनेक्टर किंचित आत ढकला, मग दाबा.

बोल्ट काढून डबीत ठेवा. कॉइल आधी डावीउजवीकडे थोडी फिरवा, म्हणजे प्लगला चिकटलेला रबरी बूट सुटेल, आणि मग सरळ वर खेचा. वाकडी ओढली तर बूट फाटून खालीच राहतो. काढलेल्या प्रत्येक कॉइलवर टेप लावून नंबर लिहा.

आता बूट नीट पाहा. आत तेल लागलंय का, रबराला बारीक चीर किंवा पांढुरकी जळकी रेघ आहे का, आतली स्प्रिंग गंजलीय का? बूट खराब आणि कॉइल चांगली असेल, आणि तुमच्या गाडीला बूट सुटा मिळत असेल, तर तेवढाच बदला.

प्लग बसतो त्या खोल नळीत टॉर्च मारा. तेल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ते झिरपतंय. ते पॅकिंग आणि नळीचे सील बदलल्याशिवाय नवी कॉइल बसवलीत तर तीही तेलात भिजून जाईल. पाणी दिसलं तर पावसाळा किंवा प्रेशर वॉशिंग. फडक्याने टिपा आणि हवेने वाळवा. सर्व्हिसिंगला गाडी देताना ‘इंजिनावर पाण्याचा फवारा मारू नका’ हे मी जॉबकार्डवर लिहूनच घेतो.

७. प्लग काढणं

प्लग सोडवण्याआधी नळीत पंपाने जोरात हवा मारा, चश्मा घालून. तळाशी वाळू, पानाचा चुरा, गंज साठलेला असतो. प्लग निघाला की तो थेट सिलिंडरमध्ये पडतो. हे अर्ध्या मिनिटाचं काम गाळू नका.

सॉकेट आणि एक्स्टेंशन सरळ उभं धरा आणि एकाच दमात उलटं फिरवा. तिरकं धरलं तर चिनी माती तडकते. घट्ट बसला असेल तर पाव आटा सोडवा, परत थोडा आवळा, पुन्हा सोडवा. गरज पडली तर गंज सोडवणारं तेल मुळाशी फवारून तासभर थांबा. कुरकुर आवाज करत, प्रत्येक आट्याला अडत प्लग येत असेल तर तिथेच थांबा आणि जाणत्या मेकॅनिकला बोलवा. नळी लावून टॉमीला (पान्याच्या दांड्याला) झटके देणं हा उपाय नाही.

एका वेळी एकच सिलिंडर उघडा. काम संपवा, मग पुढचा.

८. जुना प्लग वाचा

चारही प्लग नंबराप्रमाणे वर्तमानपत्रावर मांडून ठेवा. इंजिनाच्या आतली खबर इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही.

फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सिलिंडर निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. काळं, ओलं, तेलकट टोक म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल येतंय, आणि नवा प्लग तो दोष झाकू शकणार नाही. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे सिलिंडर जास्त तापतोय: प्लगची हीट रेंज चुकली असेल किंवा मिश्रण पातळ असेल.

चिनी मातीवर, धातूच्या कडेलगत, तपकिरी डागाचं कडं दिसलं तर घाबरू नका. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, ते निरुपद्रवी आहे. पण मातीवर वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर ठिणगी आत न पडता बाहेरून धातूकडे पळत होती. अशा वेळी प्लगबरोबर तो बूटही बदला, नाहीतर नव्या प्लगवर तीच रेघ पुन्हा उमटेल.

९. नवा प्लग बसवणं

गॅप आधी मोजा. डब्यातून आलेला प्लगही वाहतुकीत आपटलेला असू शकतो. निकेलच्या प्लगला गॅप जुळवायची झाल्यास फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलवा. इरिडियमच्या मधल्या टोकाची जाडी मिलिमीटरपेक्षाही कमी असते, गेज तिथे टेकवून जोर दिला की ते तुटतं. त्यात गॅप बरोबर नसेल तर वाकवत बसण्यापेक्षा प्लग बदलून आणा. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका.

आता रबरी पाइपचा तुकडा प्लगच्या टोकावर घाला आणि प्लग नळीत हलकेच सोडा. आधी उलटा फिरवा. आट्याचं तोंड जुळलं की बोटाला बारीक ‘टक’ जाणवतं. मग सुलटा. सुरुवातीचे सगळे आटे या पाइपनेच लागले पाहिजेत. आटा वाकडा चढत असेल तर पाइप घसरतो आणि तुम्हाला लगेच कळतं. रॅचेटला हे कळत नाही, तो वाकडा आटाही चढवतो.

प्लग बोटाने पूर्ण बसला की सॉकेट घ्या. १४ मिलिमीटर आट्यांच्या, वॉशर असलेल्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर आणि १२ मिलिमीटरला १५ ते २० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो अंतिम. टॉर्क रेंच नसेल तर वॉशर टेकल्यावर नवा प्लग अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा फिरवा. वापरलेला प्लग परत बसवताना वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला बारावा हिस्सा पुरतो. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला सोळावा हिस्सा. नव्या प्लगच्या डब्यावर हे चित्रासकट छापलेलं असतं.

आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका. प्लगवर आधीच लेप असतो, आणि चिकट आट्यांमुळे त्याच टॉर्कला प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

१०. कॉइल परत बसवणं आणि गाडी सुरू करणं

बुटाच्या आतल्या काठाला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा, स्प्रिंगला फासू नका. कॉइल सरळ खाली दाबा, बूट प्लगवर बसल्याचं हाताला कळतं. बोल्ट हाताने लावून मग हलका आवळा, कारण हे बोल्ट लहान असतात. कनेक्टरचा ‘खट्’ आवाज ऐका आणि एकदा ओढून पाहा.

बॅटरी जोडा, गाडी सुरू करा. पहिली काही मिनिटं आयडलिंग थोडं वरखाली झालं तर काळजी नको, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) पुन्हा शिकत असतो. गचके मात्र यायला नकोत. आलेच तर आधी कनेक्टर तपासा. बहुतेक वेळा एखादा अर्धवट बसलेला असतो. शेवटी कोड पुसा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा स्कॅन करा.

इंजिन चालू ठेवून एकेक कॉइल उपसत ‘कुठला सिलिंडर मेला’ ते शोधण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे. तुमच्या गाडीवर ती करू देऊ नका. तिथे हजारो व्होल्ट असतात, आणि प्लगपासून सुटलेली कॉइल ठिणगीला वाट न मिळाल्याने आतून जळू शकते.

एचटी वायरवाल्या गाड्यांसाठी

मारुती ८०० किंवा जुन्या ओम्नीच्या कार्बोरेटर मॉडेलमध्ये एकच कॉइल असते आणि डिस्ट्रिब्युटरमधून (ठिणगीची वीज पाळीपाळीने वाटणाऱ्या भागातून) वायरी प्लगकडे जातात. तिथे एका वेळी एकच वायर काढा. सगळ्या एकदम काढल्या तर क्रम लागत नाही: ८००च्या तीन सिलिंडरांचा फायरिंगचा क्रम १-३-२ आहे. प्लगबरोबर डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटरही उघडून पाहा, त्यांच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमलेली असते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू केलं आणि वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर त्या वायरी गेल्या. हात न लावता झालेली ही तपासणी पावसाळी दमट हवेत सर्वात स्पष्ट दिसते.

काम झालं की तारीख आणि किलोमीटर मास्किंग टेपवर लिहून टेप बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. कोणत्या सिलिंडरवर कधीची कॉइल आहे तेही त्यावर असू द्या. बदललेल्या कॉइलपैकी एखादी चालू अवस्थेत असेल तर १० नंबरच्या पान्यासकट डिकीत ठेवा. घाटात मिसिंग सुरू झालं तर रस्त्याच्या कडेला, इंजिन गार होताच, तेवढ्यावर घरी पोचता येतं.